रुमालावरचे पिवळे डाग

नाशिकच्या अंबडमध्ये, धातूच्या भागांवर मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंग शॉपमध्ये मी सहा वर्षं क्रोमच्या टाकीवर ऑपरेटर होतो. २०१८ च्या हिवाळ्यात सकाळी तोंड धुताना नाकातून रक्त यायला लागलं, आत खपल्या धरायच्या. नाशिकची थंडी, कोरडी हवा. आई म्हणाली, तूप लाव. दोन महिने लावलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही.

शंका आली ती रुमालामुळे. शिफ्टला तोंडावर बांधायचे माझे पांढरे रुमाल कितीही घासले तरी पिवळे डाग जात नाहीत, असं बायको म्हणाली. करंट चालू झाला की क्रोमिक ॲसिडच्या टाकीत बुडबुडे उठतात, ते फुटले की बारीक तुषार वर येतात. कापड काही त्यांना अडवत नाही. जे रुमालावर होतं तेच माझ्या नाकात जात होतं.

मी सुपरवायझरसाहेबांकडे ॲसिडची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागितली. ‘इंग्रजीत आहे, तुला काय कळणार?’ म्हटलं, पुतणी बारावी सायन्सला आहे, ती वाचेल. सोळा भागांचा तो कागद तिने दोन संध्याकाळी बसून समजावला. ॲसिडमधल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळे फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकतं. ‘काका, कित्येकदा ते दुखतही नाही,’ असं म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली.

आमची दरवर्षी तपासणी व्हायची, पण रिपोर्ट कधी हातात पडला नव्हता. आमच्या गल्लीत युनियनचं काम केलेले एक अण्णा राहतात, त्यांनी वाट दाखवली. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये (तो २०२५ पर्यंत लागू होता) नवी कलमं आली. प्लेटिंगचं काम त्यातल्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत होतं. कलम ४१-सी प्रमाणे आरोग्याच्या नोंदी कामगाराला बघायला मिळायला हव्या होत्या आणि १११-ए प्रमाणे सुरक्षेची माहिती मागायचा हक्क होता. ‘तोंडी मागू नकोस. लेखी दे आणि पोच घे,’ एवढं त्यांनी दोनदा बजावलं.

अर्ज खिशात घालून तीन दिवस नुसता फिरलो. घराचा हप्ता चालू होता, ब्रेक दिला, म्हणजे कामावरून बसवलं, तर काय करायचं? शेवटी टाकीवरच्या आणखी दोघांनी सह्या केल्या, तेव्हा धीर आला. नवव्या दिवशी रिपोर्ट मिळाला. नाकाच्या पडद्यावर व्रण असल्याचं त्यात मागच्याच वर्षी लिहिलं होतं. वर्षभर तो कागद फाईलमध्ये आणि मी टाकीवर. आजही ते आठवलं की जिवाचा संताप होतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, भोक अजून पडलेलं नाही, पण त्या टाकीपासून लांब राहा. मला जिग भरायच्या, म्हणजे चौकटीला भाग अडकवायच्या, कामावर हलवलं. पण टाकीवर दुसरा कोणीतरी उभा राहणारच होता, म्हणून मेंटेनन्सवाल्या दादांना गाठलं. टाकीला करंट देणारा रेक्टिफायर बंद करून, टाकीत काम नसताना, आम्ही तुषार ओढून घेणाऱ्या सक्शनच्या फटीजवळ उदबत्ती धरली. धूर सरळ वर, आमच्या तोंडावर आला. डक्ट उघडला तर आत पिवळट थर दाटून बसलेला. तो साफ व्हायला, पंख्याचा बेल्ट बदलायला आठवडा गेला.

पुन्हा उदबत्ती धरली, तेव्हा टाकीवर आलेला नवा पोरगाही शेजारी उभा होता. या वेळी धूर आडवा वळला आणि फटीत ओढला गेला.