राजीनामा, फंड आणि रिकामी एक्झिट डेट

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी हिंजवडीतल्या आमच्या कंपनीने अख्खी टेस्टिंग टीम घरी बसवली. कागदोपत्री मात्र आम्ही सगळ्यांनी स्वखुशीने राजीनामे दिले. एचआरचं म्हणणं, आजच सिस्टीममध्ये राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेशन लेटर निघेल. पुढच्या नोकरीत टर्मिनेशन आडवं येतं हे त्यांना पक्कं ठाऊक. मी नोटीस पे, ग्रॅच्युइटी आणि रिलिव्हिंग लेटर मिळणार हे आधी मेलवर लिहून घेतलं, त्या मेलचा फोनवर फोटो काढला आणि मगच बटण दाबलं. संध्याकाळी लॅपटॉपचा अॅक्सेस गेला.

पुण्याची खोली सोडून सांगलीला, विश्रामबागच्या घरी आले. शेजारच्या काकू विचारायच्या, "वर्क फ्रॉम होम का गं?" मी तोंड उघडायच्या आत आई "हो, हो" म्हणून मोकळी!

फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सुटल्यावरच्या सगळ्या देण्यांचा, हिशेब आला, त्यात ग्रॅच्युइटी ५ वर्षांची धरलेली. माझी नोकरी ५ वर्षं ८ महिन्यांची. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर पूर्ण वर्ष धरायचं होतं. शेवटच्या बेसिकला (मूळ पगाराला) २६ ने भागायचं, १५ ने आणि मग वर्षांनी गुणायचं, असा हिशेब होता. माझं बेसिक ४०,०००, म्हणजे १,१५,३८५ नव्हे, १,३८,४६२ रुपये. मेल केल्यावर एका शब्दानेही वाद न घालता आकडा बदलून आला. बाकीच्यांपैकी किती जणांनी तो कागद नीट वाचला असेल, देव जाणे.

नंतरचे महिने शुकशुकाट. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ईआरपी (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) सांभाळायचं काम मिळत होतं, पण पगार निम्म्याहून कमी. प्रॉव्हिडंट फंड काढून टाकावा असं फार वाटायचं. तेव्हाच्या नियमाने एक महिना बेकार राहिलं की ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेला काढता यायचा. बाबा साखर कारखान्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, "फंडाला हात लावू नकोस. पेन्शनची दहा वर्षं भरायचीत तुझी." फंडाबरोबर पेन्शनचे पैसेही काढले असते तर त्या दहा वर्षांत धरली जाणारी सगळी सर्व्हिस शून्यावर आली असती. नोटीस पेवर घर चालत होतं, म्हणून ऐकलं. चालत नसतं तर ऐकलं नसतं, हेही खरं.

ऑगस्टपासून फोन सुरू झाले. पहिला प्रश्न ठरलेला: "इमिजिएट जॉइनर आहात ना?" नोकरीत असलेल्यांना ९० दिवसांचा नोटीस पिरियड, त्यामुळे घरी बसलेल्यांना अचानक भाव! ऑफर आली आणि पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे जुन्या नोकरीच्या पडताळणीत, अडकली. ईपीएफओच्या (फंड सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सर्व्हिस हिस्टरीत जुन्या कंपनीपुढे एक्झिट डेटच नाही. म्हणजे रेकॉर्डला मी अजून तिथेच कामाला. एचआरला मेल टाकला तर तो परत आला. आमचे राजीनामे घेणारी बाईही तोवर घरी गेली होती. खरं सांगते, हसू आलं.

फंडाचा शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटले असतील तर ही तारीख आपली आपल्याला टाकता येते. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट'. कंपनी निवडायची, तारीख आणि कारण भरायचं, आधारचा ओटीपी टाकायचा. तारीख शेवटचा भरणा झालेल्या महिन्यातलीच हवी आणि ती रिलिव्हिंग लेटरशी जुळायला हवी. एकदा टाकली की बदलणं जिकिरीचं. माझी २९ फेब्रुवारी. रिलिव्हिंग लेटर शेजारी ठेवून बाबांकडून मोठ्याने वाचून घेतली. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि माझ्या आधारला आईचा नंबर. ती गणपती मंदिरात, फोन पिशवीत. बाबा स्कूटर काढून गेले.

व्हेरिफिकेशन पार पडलं. जॉइन झाल्यावर नव्या खात्यात फंड ट्रान्सफर करायचा अर्ज ऑनलाइनच भरला. तो मंजूर व्हायला मात्र पहिला पगार खर्च होईपर्यंत वाट पाहावी लागली.