सातव्या पानाच्या तळाशी

पेपरातली चूक पहिल्या पानावर ऐसपैस होते आणि तिची दुरुस्ती सातव्या पानाच्या तळाशी, 'नावात बदल'च्या जाहिरातींना खेटून अंग चोरून बसते. दुरुस्ती तत्परतेने आणि पुरेशा ठळकपणे छापावी, असं प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. पुरेशी म्हणजे किती, हे अर्थात चूक करणाऱ्या पेपरनेच ठरवायचं!

मुंबईत त्यात आणखी पंचाईत. विरार लोकलमध्ये एकच पेपर पानं सुटी होऊन चौघांत फिरतो. चुकीची बातमी चौघं वाचतात. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येते, तेव्हा नेमकं सातवं पान शब्दकोडंवाल्याकडे असतं.

तरी मला तो कोपरा आवडतो. रोज रात्री घाईघाईत निघणाऱ्या पेपरात महिनोन्‌महिने एकही दुरुस्ती दिसली नाही, की मला उलट शंका येते. लंडनच्या 'गार्डियन'ने १९९७ पासून दुरुस्त्यांचं रोजचं सदरच सुरू केलं. 'द हिंदू'ने २००६ मध्ये वाचकांच्या तक्रारी बघायला स्वतंत्र संपादक नेमला.

या बाबतीत 'न्यूयॉर्क टाइम्स'चा हात कोणी धरणार नाही. रॉकेट पोकळीत चालणारच नाही, गोडार्ड या शास्त्रज्ञाला शाळेतलं विज्ञानही येत नाही, असं त्यांनी १९२० मध्ये अग्रलेखातून सुनावलं. १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुरुस्ती आली: रॉकेट पोकळीत चालतं, चुकीबद्दल खेद आहे. गोडार्ड १९४५ मध्येच गेले होते. बैल गेला नि झोपा केला, पण केला तरी! याच पेपरचा अंक क्रमांक ७ फेब्रुवारी १८९८ ला १४,४९९ वरून थेट १५,००० वर गेला. ते पाचशे अंक त्यांनी १ जानेवारी २००० ला वजा केले. शंभर वर्षांत कोणाचं काही अडलं नव्हतं, म्हणून तर ही दुरुस्ती मला जास्तच भावते.

वेबसाइटवर चूक एका क्षणात सुधारता येते, आणि तिथेच घोळ होतो. समजा, सकाळी बातमी आली की उद्या महापालिकेच्या जी उत्तर विभागात, म्हणजे दादरकडे, पाणी नाही. दादरच्या सोसायटीत ग्रुपवर फॉरवर्ड झाली, पिंपं भरली, बादल्या भरल्या, पातेलीसुद्धा भरली. दुपारी त्याच बातमीत गुपचूप जी दक्षिण, म्हणजे प्रभादेवीकडचा विभाग, झालं. प्रभादेवीकर कोरडे राहिले ते राहिलेच, वर दादरला ज्या काकांनी फॉरवर्ड केलं त्यांना सेक्रेटरी लिंक दाखवून म्हणतो, "काका, चष्मा बदला." काका बिचारे शपथेवर सांगताहेत की सकाळी उत्तरच होतं. बातमीच्या खाली 'आधी चुकून जी उत्तर असं दिलं होतं' एवढी एक ओळ टाकायला कितीशी जागा लागली असती?