गाडी 'स्टार्ट' होते, 'बिगिन' का होत नाही?

बडोद्याच्या दांडिया बाजारात 'स्कूटर चालू कर' असंच ऐकू येतं, 'स्कूटरचा प्रारंभ कर' असं कोणी म्हणत नाही. चालू हा आपल्या चालण्यातला शब्द, सुरू अरबीतून फारसीमार्गे आलेला, प्रारंभ संस्कृतातला. कुठे कोणता वापरायचा, हे आपण न शिकता जाणतो. इंग्रजीत मात्र स्टार्ट, बिगिन, कमेन्स, इनिशिएट या चौघांना एकाच पोत्यात भरतो, आणि अर्ज तिथेच बिघडतो.

स्टार्टचा जुना अर्थ उडी मारणं. मोठ्या आवाजाने दचकण्यालाही इंग्रजीत स्टार्टच म्हणतात. थांबलेलं काही एकदम हलतं, ही त्यातली मूळ कल्पना. म्हणून इंजिन स्टार्ट होतं. बिगिनही अस्सल जुन्या इंग्रजीतलाच, पण त्यात हिसका नाही. पुढे चालत राहणाऱ्या गोष्टीचं ते पहिलं टोक. पावसाळा बिगिन होतो, धडा होतो, इंजिन नाही.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बसली. कमेन्स आला तो फ्रेंचमधूनच, आणि त्याचा कचेरीचा वास अजून गेलेला नाही. करार, खटला, परीक्षा इथे तो शोभतो. मित्राला लिहिताना वापरला, तर घरच्या ताटावर 'भोजनास प्रारंभ करू या' म्हटल्यासारखं होतं.

कमेन्स आणि इनिशिएट यांचं लॅटिन मूळ एकच, तरी सर्वांत जास्त चुका याच जोडीत होतात. इनिशिएटला कर्ता आणि कर्म दोन्ही हवेत: अधिकारी चौकशी इनिशिएट करतो. 'द मीटिंग इनिशिएटेड ॲट टेन' हे चूक. तिथे 'बिगॅन', फार तर 'कमेन्स्ड'. कमेन्सनंतर 'टू' लावून क्रियापद जोडणंही टाळावं. 'कमेन्स्ड टू वर्क' जुनाट वाटतं, 'कमेन्स्ड वर्क' पुरतं.

कारभारात शब्द नेमका हवा, हे या शहराला जुनं ठाऊक आहे. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. त्यात राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. इंग्रजी कोश उघडतानाही तेच करावं: चारही शब्द शेजारी ठेवावेत, आणि अर्थाआधी त्यांच्याखालची उदाहरणं वाचावीत.