रिमोट रुसतो तेव्हा

गाडीचा रिमोट एकाएकी मरत नाही, आधी कुरकुरतो. पार्किंगच्या टोकावरून उघडणारी गाडी दाराशी गेल्यावरच उघडायला लागली, की सेल संपत आला. पण लॉक होतं आणि अनलॉक होत नाही, किंवा बटण एका कोपऱ्यातच दाबावं लागतं, तर सेलला बोल लावू नये. दोन्ही बटणांना तोच पुरवठा करतो. तिथे स्विच गेलेला असतो.

बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. सीआर २०२५ची जाडी २.५ मिमीच. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणत देतो. चालतोही, पण पट्टीवर सैल बसतो आणि गाडी खड्ड्यात आदळली की रिमोट गप्प. जुना काढण्याआधी अधिकची बाजू कुठे आहे ते बघावं. कव्हरच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून नुसता पिळावा. उचकटलं की प्लॅस्टिकचं नाक तुटतं. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. जुनाही कधी कधी दाखवतो, लबाड! म्हणून बटण दाबून मोजावं. आकडा धाडकन खाली आला तर बदलावा. काढलेल्या सेलला दोन्हीकडून चिकटपट्टी लावून पोरांपासून लांब ठेवावं. गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते. थेट हॉस्पिटल गाठावं.

स्विच म्हणजे बोर्डावरचा इवलासा चौकोन. दाबून दाबून त्याच्या पायाचं सोल्डर, म्हणजे वितळवून दिलेला धातूचा जोड, तडकतं. सेल काढून, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने नवं सोल्डर दिलं की अनेकदा भागतं. बदलायचाच तर उंची तीच हवी, नाहीतर रबराचं बटण पोचत नाही, किंवा कायम दाबलेलं राहतं.

रिमोट खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला, तर आधी सेल बाहेर. पाण्यात वीज खेळत राहिली की तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि दिवसभर वाळवण. तांदळाच्या डब्यात पुरण्याची हौस नको. पिठूळ धूळ तेवढी आत जाते.

खरी गंमत कव्हर बदलताना होते. चकचकीत नवं कव्हर, सेल-बोर्ड सगळं जागेवर, दारं उघडतात आणि गाडी मात्र सुरू होत नाही. अनेक जुन्या किल्ल्यांत इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या कुलपाची, चिप बोर्डावर नसते. ती कव्हरच्या कोपऱ्यात, काळ्या खड्यासारखी, वेगळी बसवलेली असते. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीची कॉइलच तिला जागं करते. त्यामुळे जुनं कव्हर कचऱ्यात टाकण्याआधी उलटं करून आपटून बघावं.