बर्लिनची भिंत बघायची असेल तर बर्नाउअर श्ट्रासेला जा

बर्लिनला गेलेले आपले बरेच लोक चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमानाक्यावर फोटो काढतात आणि भिंत बघून झाली म्हणतात. तिथली चौकी ही नंतर उभारलेली प्रतिकृती आहे, भोवती दुकानांची गर्दी. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो वेळ बर्नाउअर श्ट्रासे या रस्त्याला द्या. मी आणि आई जूनमध्ये गेलो होतो. तिथलं भिंतीचं १.४ किलोमीटरचं स्मारक रमतगमत बघायला आम्हाला तीन तास लागले.

नॉर्डबानहोफ स्टेशनला उतरा. शहराच्या ‘एबी’ विभागाचं तिकीट पुरतं; कागदी तिकिटावर प्रवासाआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायला विसरू नका. उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका, कारण स्टेशनातच एक छोटं प्रदर्शन आहे. पश्चिम बर्लिनच्या गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जायच्या, पण १९६१ ते १९९० या काळात या स्टेशनावर थांबायच्या नाहीत. अंधुक फलाटावर फक्त पहारेकरी. अशा स्टेशनांना लोक ‘भुताची स्टेशनं’ म्हणत.

थोडी पार्श्वभूमी माहीत असली तर पुढचं जास्त कळतं. १९४५ नंतर चार विजेत्या देशांनी जर्मनी वाटून घेतली, बर्लिनही वाटलं. १९४९ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जर्मन देश झाले. १९५२ मध्ये त्यांच्यामधली सीमा बंद झाली, पण बर्लिनमधून पलीकडे जाता येत होतं. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले. मग १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे पूर्व जर्मनीनं बर्लिनमधल्या सीमेवर काटेरी तारा घातल्या आणि पुढे तिथेच भिंत उभी राहिली.

या रस्त्यावर घरं पूर्वेत आणि दारापुढचा फूटपाथ पश्चिमेत होता. आधी दारं बंद केली, मग खिडक्या विटांनी बुजवल्या. तोवर लोक खिडक्यांतून उड्या मारत होते. २२ ऑगस्टला इडा सीकमान तिसऱ्या मजल्यावरून उडी मारताना गेल्या. ती घरं आता नाहीत, जमिनीत त्यांच्या खुणा आहेत. भिंत पाडलेल्या जागी गंजक्या लोखंडी सळया उभ्या आहेत, त्यांच्या फटींतून पलीकडे सहज जाता येतं. आई त्यातून दोनदा इकडून तिकडे गेली, काही न बोलता.

मृतांच्या फोटोंची एक चौकट आहे. भिंतीपायी किमान १४० जण गेले. त्यांत एक पंधरा महिन्यांचं बाळ आहे. १९७३ मध्ये आईबाप ट्रकमध्ये लपून पळत होते, तपासणीच्या वेळी ते रडायला लागलं, म्हणून आईनं त्याचं तोंड दाबून धरलं. आम्ही तिथून बराच वेळ हललो नाही.

समोरच्या मनोऱ्यावर चढा. वरून भिंत, मधली मोकळी पट्टी आणि मागची भिंत असा जुन्या सीमेचा ७० मीटरचा तुकडा जसाच्या तसा दिसतो. खाली उभं राहून हे कळतच नाही. सोमवारी माहिती केंद्र बंद असतं. आम्ही आधी सोमवारीच गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. उघड्यावरचा भाग मात्र रोज बघता येतो. प्रवेश सगळीकडे मोफत.

मंगळवार ते शुक्रवार दुपारी बाराला स्मारकातल्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, नक्की थांबा. इथलं जुनं चर्च दोन भिंतींच्या मध्ये अडकलं होतं, ते १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. आताचं चॅपेल मातीचं आहे आणि त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचे तुकडे दिसतात. बाहेर राय या गव्हासारख्या धान्याचं शेत आहे, आम्ही गेलो तेव्हा ओंब्या भरत आल्या होत्या. बाराला मृतांपैकी एकाची जीवनकथा वाचतात. जर्मन आम्हाला येत नाही. नाव आणि सालं तेवढी कळली. तेवढ्यावर आई हात जोडून बसली होती.