आबांचा कांदा, ओढा आणि गवताचा पट्टा

परतीच्या पावसानं रात्री चांगलंच झोडपलं आणि सकाळी आबांचा फोन, "मॅडम, या अन् बघा तुमच्या गवतानं काय करून ठेवलंय." सासवड-जेजुरीच्या मधल्या भागात आमचं पाणलोटाचं काम आहे. आबांचं रान उताराचं, ओढ्याला लागून, आणि ओढ्याच्या कडेनं, वाहून जाणारी माती अडावी म्हणून, तीन मीटर रुंद मारवेल गवताचा पट्टा आम्हीच लावून घेतलेला. शंभर मीटर लांबीला तीन गुंठे जमीन जाते, ती कोणी सहज सोडत नाही, आबांनी गुरांना वैरण होईल म्हणून सोडली होती. म्हणून लगेच निघाले.

पोचले तेव्हा पाऊस चालूच होता आणि ते बरंच झालं, कारण उघडीप पडल्यावर गेलं की फक्त खुणा सापडतात, पाणी पळताना दिसत नाही. इथं दिसलं. पाणी गवतात शिरतच नव्हतं! पट्ट्याच्या वरच्या कडेला मागच्या पावसाळ्यांचा गाळ साठून वीतभर उंच वरंबा झाला होता, पाणी त्याला अडून कडेकडेनं धावत होतं आणि पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर न्यायला जिथं गवत तुडवून वाट पाडलेली तिथून सगळं एकदम ओढ्यात कोसळत होतं. गुडघाभर खोल ओघळ पडलेली, शेजारच्या वाफ्यांमधली कांद्याची रोपं मुळासकट गेलेली.

"गवत नसतं तर पाणी सरळ गेलं असतं," आबा म्हणाले. चिडले होते, आणि पाणी अडलं हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण वरंबा कशाचा होता? त्यांच्याच रानातल्या वरच्या थरातल्या मातीचा. गवत नसतं तर ती माती कऱ्हा नदीतून नाझरे धरणात जाऊन बसली असती आणि तिला चिकटलेलं खतातलं स्फुरदही तिच्याबरोबर. गवताचं काम पाणी पातळ पसरून हळू चाललं तरच होतं, मग माती खाली बसते, पाणी जिरतं, विरघळलेलं नत्रही थोडं मुळांना मिळतं. एकाच फटीतून लोंढा गेला की पट्टा दहा मीटरचा असला तरी उपयोग शून्य.

मग फावडी घेतली. आबा, त्यांचा मुलगा, मी. वरंबा जागोजागी फोडला, गाळ घमेल्यांनी उचलून परत वाफ्यांत टाकला (काळीभोर माती, आबा हातात घेऊन बघत होते), ट्रॅक्टरच्या वाटेत दगड आडवे रचून पाण्याचा जोर मोडला. दुपारी परत सर आली आणि आम्ही तिघं भिजत तिथंच उभे राहिलो. पाणी सगळ्या लांबीनं गवतात शिरायला लागलं, झिरपत, पसरत. आबांच्या मुलानं ओघळीतलं आणि गवताखालचं पाणी दोन बाटल्यांत भरलं. पाणी दोन्हीकडे गढूळच, कारण बारीक चिकणमाती एवढ्या पट्ट्यात अडत नाही, पण ओघळीच्या बाटलीत तळाला बोटभर रेव-माती बसली आणि दुसरीत नुसता पातळ थर. मला काही समजवावं लागलं नाही.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. गवत लावायला योजनेत पैसे मिळतात, पण दर पावसाळ्याआधी वरंबा काढायला, तुटलेल्या जागी ठोंब लावायला, कापणीला कुणी काही देत नाही, आणि पट्टा टिकतो तो याच कामांवर. लावून फोटो काढून गेलेल्या पट्ट्यांची अशीच वाट लागते.

आबांनी विचारलं, गवत आता कापू का. म्हटलं वाफसा येऊ द्या, म्हणजे जमीन जरा सुकू द्या, ओल्यात गुरं आत सोडू नका, खुरांनी काठ ढासळतो, आणि कापताना चार बोटं बुडखा ठेवा म्हणजे लवकर फुटेल. ओघळीत मारवेलचे ठोंब लावायचे ठरलेत, ट्रॅक्टरची वाट वरच्या बांधावरनं काढायची. शेजाऱ्याचं तणनाशक वाऱ्यानं पट्ट्याच्या टोकाला येतं, तिथं गवत पिवळं पडलंय, त्यांच्याशी आबा स्वतः बोलतो म्हणालेत.