बाटलीपायी रखडलेली पाणी तपासणी

लेक बाळंतपणाला आली आणि बाळाला पावडरीचं दूध सुरू करावं लागलं, तेव्हा शेतातल्या आखाड्यावरच्या बोअरचं पाणी तपासायचं मी मनावर घेतलं. बोअरजवळच गोठा, त्याला लागून उकिरडा, चहूकडं युरिया दिलेला कापूस. अशा पाण्यात शेणखतातलं, युरियातलं नायट्रेट नावाचं क्षार उतरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते फार धोक्याचं, कारण रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते.

प्रयोगशाळेत रासायनिक तपासणीचा नमुना सहज गेला. कॅन त्याच पाण्यानं विसळून भरला, अर्ज आणि शुल्क दिलं, पावती घेतली.

अडलं ते जंतूंच्या तपासणीला. तिला घरची बाटली चालत नाही, प्रयोगशाळेनं निर्जंतुक केलेलीच लागते. ते बरोबरच आहे, नाहीतर बाटलीतलेच जंतू अहवालात यायचे. पण बाटली मागितली की खिडकीवरून एकच उत्तर: "संपल्यात काका, पुढल्या आठवड्यात या." पुढल्या आठवड्यात मिळाली, तर म्हणाले शुक्रवारी नमुना आणू नका. जंतूंची वाढ बघायला 24 ते 48 तास लागतात आणि मधे सुट्टी येते. म्हणून सोमवारी पहाटे पाणी भरलं, बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं नेलं. एसटीला उशीर झाला. "नमुने बारापर्यंतच घेतो." दुसऱ्या दिवशी तेच पाणी चालत नाही, म्हणजे पुन्हा नवी बाटली, आणि बाटल्या पुन्हा संपलेल्या!

यातला एकेक नियम मला पटतो. राग येतो तो एवढ्याचाच, की हे सगळं खिडकीवर एका कागदावर लिहून लावलेलं नाही. खेड्यातून आलेल्या माणसाचा दिवस बुडतो, भाडं जातं. दोनदा परत पाठवला की तो तपासणीच सोडून देतो आणि घरातली लेकरं तेच पाणी पीत राहतात.

शेवटी मी खिडकी सोडून आतल्या तंत्रज्ञ बाईंना गाठलं. बाळाचं सांगितल्यावर त्यांनी बाटली दिली आणि रीतही समजावली: तोटी लोखंडी असेल तर ज्योतीनं भाजून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटली आतून विसळू नका, झाकणाच्या आत बोट लावू नका, वर थोडी जागा रिकामी ठेवा.

अहवालात नायट्रेट लिटरला 68 मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा 45 ची आहे. कोलिफॉर्म जंतूही होते, म्हणजे पाण्यात घाण मिसळत असल्याची खूण. फ्लोराइड मात्र मर्यादेत, तेवढं हायसं वाटलं. शेजारी म्हणाले, उकळून द्या. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. बाळाच्या दुधाला आता गावातल्या आरओचं पाणी आणतो, तेही तपासून घेतलंय. उकिरडा बोअरपासून लांब, उताराच्या बाजूला हलवला. पावसाळा सरला की नमुना परत देणार.

आणि हो, जायच्या आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. गावच्या नळाचे, विहिरींचे नमुने त्याच्याच हातून जातात, त्यामुळं बाटल्या कधी आल्या ते त्याला ठाऊक असतं. बाटलीवर नाव-गाव शाईच्या पेनानं लिहू नका, बर्फाच्या पाण्यानं पुसून जातं.